मदत हवी आहे: लँडफिलला जागा किती लागते? दोन शीट, दोन उत्तरं (सोमवारी द्यायचं आहे!)

रेशीमबाग_22
8 जून 2024, रात्री 11:40

नमस्कार. सोमवारी सकाळी अहवाल द्यायचा आहे आणि मी शुक्रवारपासून एकाच आकड्यावर अडकली आहे. 25 वर्षांसाठी गावाच्या लँडफिलला (म्हणजे कचरा पुरायच्या जागेला) जागा किती लागेल, बस एवढंच काढायचं आहे. ऑफिसात दोन जुन्या एक्सेल शीट आहेत. एकीत 22.5 एकर येते, दुसरीत 10.6. चार वेळा तपासलं. जागा आहे 6 एकर, आणि सर म्हणतात त्यातच बसव. कोणती शीट बरोबर ते सांगा. "सर्च करून पाहा" असं कृपया कोणी लिहू नका, ते करून झालं.

तर्री_पोहे
रात्री 11:52

कोणतं गाव? लोकसंख्या किती? शीट न पाहता कोणती बरोबर ते सांगायला आम्ही काय पोपटवाले ज्योतिषी आहो?

रेशीमबाग_22
रात्री 11:55

गावाचं नाव नाही सांगू शकत. नागपूरला लागून एक नगरपंचायत आहे. आणि लोकसंख्येनं काय फरक पडते? दोन्ही शीटमध्ये तीच टाकली आहे ना.

गच्चीवरचा_माळी
रात्री 11:58

मुळात लँडफिल पाहिजेच कशाला? माझ्या गच्चीवर दोन ड्रम आहेत. खाली विटांचे तुकडे, वर नारळाच्या शेंड्या, मग ओला कचरा, मूठभर ताक. तीन वर्षांपासून भाजीचं एक देठ घंटागाडीत टाकलं नाही. कढीपत्ता असा आला आहे की शेजारी मागून नेतात. फोटो टाकू काय?

माजी_ओव्हरसिअर
9 जून, सकाळी 6:10

ताई, शीट तुमच्याजवळ आहे, आमच्याजवळ नाही. आज माणसं किती, माणशी रोजचा कचरा किती, वाढ किती टक्के धरली, ढिगाची उंची किती आणि कचऱ्याची घनता किती, एवढं लिहा. शिवाय गावातला सगळा कचरा खड्ड्यात जाणार की खत-बित करून उरलेला? याच्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

रेशीमबाग_22
सकाळी 9:20

लोकसंख्या 60,000. माणशी 400 ग्रॅम, म्हणजे रोजचे 24 टन. वाढ दरवर्षी 4 टक्के. 25 वर्षांचे मिळून 3.65 लाख टन होतात. उंची 10 मीटर. घनता... थांबा. एका शीटमध्ये 0.40 आहे, दुसरीत 0.85. हे मला आत्ता दिसलं. तो सेल लपवून ठेवला होता कोणीतरी.

तर्री_पोहे
सकाळी 9:24

चार वेळा तपासलं म्हणे 😄

माजी_ओव्हरसिअर
सकाळी 9:50

हसू नका हो, लपवलेल्या सेलनं मोठमोठ्यांना फसवलं आहे. ताई, बंडीत भरलेला कापूस आणि जिनिंगमधून निघालेली गाठ, कापूस तोच, पण जागा सारखी लागते काय? घनमीटरला 0.40 टन ही साधारण गाडीतल्या मोकळ्या कचऱ्याची घनता झाली. गाडी किती लागतील ते काढायला ती चालते. लँडफिलमध्ये थर देऊन, वरून यंत्र फिरवून दाबल्यावर 0.85 धरतात. म्हणजे 22.5 वाली शीट बहुतेक वाहतुकीची आहे, तिला निवृत्त करा.

पण 10.6 सुद्धा बरोबर नाही. तुम्ही गावचा सगळा कचरा खड्ड्यात घातला. 2016 च्या घनकचरा नियमांप्रमाणे लँडफिलमध्ये फक्त तेच जायला पाहिजे जे कुजत नाही, जळत नाही, पुन्हा वापरात येत नाही. किलोमागे 1500 किलोकॅलरीच्या वर उष्मांक असलेला कचरासुद्धा पुरायचा नाही, तो इंधन म्हणून द्यायचा. तुमच्या अहवालात प्रक्रिया धरली आहे की नाही?

रेशीमबाग_22
सकाळी 10:05

धरली आहे ना. खत प्रकल्प आणि सुक्या कचऱ्याचं वर्गीकरण, उरलेला 20 टक्के. ते वेगळ्या प्रकरणात आहे म्हणून लिहिलं नाही.

माजी_ओव्हरसिअर
सकाळी 10:07

😐

खामल्याचा_हिशेब
सकाळी 11:15

मी करून देतो, वहीच घेऊन बसलो आहे. 3.65 लाखाचे 20 टक्के म्हणजे 73,000 टन. भागिले 0.85, साधारण 85,800 घनमीटर. केंद्राच्या सीपीएचईईओ (सार्वजनिक आरोग्य आणि पर्यावरण अभियांत्रिकी संस्था) मॅन्युअलची ढोबळ रीत अशी की यात रोजच्या मातीच्या थरासाठी 10 टक्के मिळवायचे, खालचं अस्तर आणि वरचं शेवटचं झाकण यासाठी 10 मीटर उंचीला 25 टक्के मिळवायचे, आणि ढीग बसतो म्हणून 5 टक्के वजा करायचे (कुजणारा कचरा असता तर 10). म्हणजे 1.30 पट, 1,11,600 घनमीटर. उंची 10, म्हणजे 11,160 चौरस मीटर. रस्ता, वजनकाटा, ऑफिस, कचऱ्याचं पाणी जमा करायचा टाका यासाठी 15 टक्के जास्त. आले 12,830 चौरस मीटर, सव्वातीन एकराच्या आत. 6 एकरात आरामात बसते. चहा पाजा.

रेशीमबाग_22
सकाळी 11:18

देव भलं करो तुमचं!! हेच पाहिजे होतं. धागा बंद करायला हरकत नाही.

पारडी_नाका
सकाळी 11:40

थांबा जरा. आम्ही भांडेवाडीच्या बाजूचे. नागपूर शहराचा रोजचा हजार टनांवर कचरा इकडेच येते. उन्हाळ्यात ढिगाला आग लागली की रात्री खिडकी लावून झोपावं लागते, आणि पावसाळ्यात खिडकी लावूनही उपयोग नाही. तुमचे हे 20 टक्के कागदावर गोड दिसतात. प्रकल्प सुरू होते, फीत कापते, फोटो छापून येते. मग वर्गीकरण होत नाही, यंत्र बंद पडते, ठेकेदाराचं बिल अडकते, आणि सगळा कचरा थेट ढिगावर. आमच्याकडे जुना ढीग खणून, चाळून कमी करणं सुरू आहे, म्हणजे एकदा टाकलेला कचरा पैसे देऊन पुन्हा उचलणं. तुमच्या गावात तसं झालं तर? हा प्रश्न शीटमध्ये आहे काय?

खामल्याचा_हिशेब
सकाळी 11:52

दादा, भावना समजतात, पण प्रत्येक आराखडा प्रकल्प बंद पडेल असं धरून केला तर कोणतीच जागा पुरणार नाही.

पारडी_नाका
दुपारी 12:01

भावना नाही, हिशेबच विचारून राहिलो. बंद पडला तर किती वर्षांत भरते?

घाट_रोड
दुपारी 12:10

मधेच विचारतो, माफ करा. आमच्या गल्लीत चार दिवसांपासून घंटागाडी नाही. कुठे तक्रार करायची? कोणाकडे नंबर आहे?

उतारावर_घर
दुपारी 1:30

आधी हिशेबराव तुमच्या सव्वातीन एकराकडे येतो. लँडफिल म्हणजे डबा नाही हो. 10 मीटर उंच सरळ भिंत कचऱ्याची उभी राहते काय? बाजूला उतार द्यावा लागते. मी 1 ला 4 घेतो, म्हणजे 10 मीटर चढायला प्रत्येक बाजूनं 40 मीटर आत यावं लागते. तुमचा 11,160 चौरस मीटरचा चौकोन म्हणजे बाजू साधारण 105 मीटर. दोन्हीकडून 40 गेले, वर उरले 25 मीटर. या ढिगात मावते किती? 48,000 घनमीटर. पाहिजे होते 1,11,600. अर्ध्यापेक्षा कमी!

मोठ्या शहराच्या 50-60 एकराच्या जागेत हा फरक फार जाणवत नाही. लहान जागेत उतारच सगळं खाऊन टाकते. त्याच उतारानं 1,11,600 बसवायचे तर पायाची बाजू 143 मीटर लागते, म्हणजे 5 एकर, आणि वरचे 15 टक्के धरून 5.8 एकर.

पारडीवाल्या भाऊंचाही आकडा काढला. प्रक्रिया पूर्ण बंद आणि सगळाच कचरा आत, तर 25 वर्षांची ही जागा साडेसात वर्षांच्या आसपास भरते. आणि सगळा कचरा 25 वर्षं टाकायचा म्हटलं तर पावणेएकवीस एकर.

पारडी_नाका
दुपारी 1:36

साडेसात. घ्या लिहून.

रेशीमबाग_22
दुपारी 1:45

😭 5.8 तरी 6 मध्ये बसते ना? बसते म्हणा.

खामल्याचा_हिशेब
दुपारी 2:00

उताराचं मान्य. पण खाली खणा ना! 4 मीटर खोल गेलं की तेवढी क्षमता वाढते आणि वरून झाकायला माती पण मिळते.

माजी_ओव्हरसिअर
दुपारी 2:25

खणा म्हणणं सोपं. आपल्याकडे वर काळी माती आणि खाली बेसाल्ट, जेसीबीचे दात मोजत बसाल. शिवाय खड्ड्याचा तळ भूजलाच्या सर्वात वरच्या पातळीपेक्षा किमान 2 मीटर वर पाहिजे, आणि ती पातळी मे महिन्यात विहिरीत वाकून नाही, पावसाळ्यानंतर मोजायची. तळाला 90 सेंटीमीटर दाबलेली चिकणमाती आणि त्यावर 1.5 मिलिमीटरची एचडीपीई प्लास्टिकची पन्नी. पन्नी म्हणजे शेततळ्याची उरलेली नव्हे. एका साईटवर ठेकेदार तीच घेऊन आला होता, मी परत पाठवली, नंतर माझीच बदली झाली. असो.

ताई, जागेच्या आजूबाजूला काय आहे? नाला, वस्ती, विहीर?

रेशीमबाग_22
दुपारी 2:40

नाला आहे, पण लहान आहे, उन्हाळ्यात कोरडा असते. वस्ती थोडी दूर आहे.

माजी_ओव्हरसिअर
दुपारी 2:44

"थोडी दूर" हे किती मीटर?

रेशीमबाग_22
दुपारी 2:58

गूगलवर मोजलं. लेआउटचं पहिलं घर 170 मीटरवर.

माजी_ओव्हरसिअर
दुपारी 3:05

वस्ती, महामार्ग, पिण्याच्या पाण्याची विहीर, तलाव यांपासून 200 मीटर. नदीपासून 100. नाला कोरडा म्हणू नका, जुलैत तोच नाला कचऱ्याचं काळं पाणी घेऊन नाग नदीला भेटायला जाईल. आणि एक विसरून राहिले सगळे: विमानतळापासून आणि हवाई दलाच्या तळापासून 20 किलोमीटर. घारी आणि बगळे ढिगावर येतात म्हणून. 10 ते 20 च्या मध्ये असाल तर विशेष बाब म्हणून नाहरकत घ्यावी लागते, 10 च्या आत तर विषयच नाही. सोनेगाव विमानतळापासून 20 किलोमीटरचा गोल मारा नकाशावर. नागपूरला लागून असलेल्या किती नगरपंचायती बाहेर राहतात ते पाहा.

तर्री_पोहे
दुपारी 3:12

बेसा-पिपळा तर विमानातून हात बाहेर काढला तरी लागते.

छोटी_गाडी
दुपारी 3:30

भांडेवाडीवरून आठवलं, नागभीडची नॅरो गेज तिथून जायची ना! लहानपणी इतवारीहून बसून उमरेडला मामाकडे गेलो आहो. कोणाकडे त्या स्टेशनचा जुना फोटो आहे काय?

पारडी_नाका
दुपारी 3:38

फोटो नाही. आमचे बाबा चालत्या गाडीतून उतरायचे तिथे. आता भांडेवाडी म्हटलं की लोक नाकाला रुमाल लावून दाखवतात. याच भांडेवाडीत सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीज केंद्राला देतात, ते कोणी सांगत नाही.

रेशीमबाग_22
सायंकाळी 5:15

सरांशी फोनवर बोलली. 170 मीटरचं सांगितलं तर म्हणाले "तिकडच्या बाजूला शेड ठेवू, लँडफिल इकडच्या बाजूला सरकवू." मी विचारलं कोणती शेड. खत प्रकल्पाची आणि वर्गीकरणाची. तीही याच 6 एकरात आहे!!

उतारावर_घर
सायंकाळी 5:18

मग 5.8 विसरा.

तर्री_पोहे
सायंकाळी 5:19

हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगता येत होतं की नाही?

रेशीमबाग_22
सायंकाळी 5:21

मला स्वतःला आत्ता कळलं. आणि कोणी विचारलं तरी कुठे?

तर्री_पोहे
सायंकाळी 5:22

😶 हे मात्र खरं.

माजी_ओव्हरसिअर
सायंकाळी 6:40

फिरायला गेलो होतो. ताई, 6 एकरात शेड ठेवा, खत करा, वर्गीकरण करा. लँडफिल तिथे नका दाखवू. 5 लाखांच्या आतल्या गावांनी मिळून एक प्रादेशिक लँडफिल करावं असं नियमातच आहे, आणि जागा शोधून देण्यात जिल्हाधिकाऱ्यांची जबाबदारी पण तिथेच लिहिली आहे. चार-पाच नगरपंचायतींचा उरलेला कचरा एका ठिकाणी गेला तर उतारही एवढी जागा खात नाही आणि पन्नी, पाण्याचा टाका, दाबायचं यंत्र यांचा खर्चही वाटला जाते. बंद केल्यावर 15 वर्षं देखरेख करायची असते, ती एकट्या नगरपंचायतीच्या एका लिपिकाच्या भरवशावर होणार आहे काय?

अहवालात दोन आकडे द्या. प्रक्रिया चालली तर 5.8 एकर, फक्त लँडफिलसाठी. बंद पडली तर तीच जागा साडेसात वर्षं. खाली धरलेली घनता, उतार आणि टक्के सगळं उघड लिहा, सेल लपवू नका.

खामल्याचा_हिशेब
सायंकाळी 6:52

4 टक्के वाढसुद्धा तपासा. शहराला लागून आहे, लेआउट पडून राहिले. आणि 25 वर्षं माणशी 400 ग्रॅमच राहील काय? मॅन्युअल दरवर्षी 1 ते 1.33 टक्के वाढ धरायला सांगते. म्हणजे 5.8 पण कमीच.

पारडी_नाका
सायंकाळी 7:05

आणि प्रादेशिक म्हणून पुन्हा भांडेवाडी नका लिहू बाप्पा.

रेशीमबाग_22
रात्री 9:30

नाही लिहिलं दादा. दोन्ही आकडे टाकले, 20 किलोमीटरचा गोल टाकला, प्रादेशिकवर दीड पान लिहिलं. गोल मारल्यावर आमची जागा 14 किलोमीटरवर निघाली. सरांना पाठवलं. निळ्या दोन टिका आल्या, उत्तर नाही.

घाट_रोड
रात्री 9:41

घंटागाडीचं कोणी सांगितलं नाही.

गच्चीवरचा_माळी
रात्री 9:44

भाऊ, तोवर एक ड्रम घ्या. पत्ता देतो.