अफवा गावात शिरली तेव्हा पुढे कोण आलं? तुमचे अनुभव लिहा

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याच्या आठवडे बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ‘मुलं पळवणारी टोळी’ समजून जमावाने ठेचून मारलं. त्याच रात्री मालेगावात अशाच जमावाच्या हातून पोलिसांनी पाच जणांना जिवंत सोडवलं, त्यात दोन वर्षांचं एक मूल होतं. ज्याचा शब्द चार लोक मानतात, अशा माणसाने अफवेच्या वेळी नेमकं काय केलं? भाषणं नकोत, डोळ्यांनी पाहिलेलं सांगा.

पोलीस पाटील, नाशिक जिल्हा
त्याच पावसाळ्यात आमच्याकडे दोन बहुरूपी आले. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि बघता बघता पारावर गर्दी. मी ठाण्याला फोन केला, दोघांना माझ्या ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि त्यांना खेटूनच बसलो. हे मुद्दाम. पाटलाला धक्का लागेल म्हणून पोरं जरा कचरतात. मग आधारकार्ड बघून त्यांच्या गावच्या पोलीस पाटलांना सगळ्यांदेखत स्पीकरवर फोन लावला. तेवढ्यात एक म्हातारी पुढे आली: “अरे, याचा बाप फौजदाराचं सोंग घेऊन यायचा की!” गर्दीचा नूरच पालटला. पोलिसांची गाडी त्यानंतर बऱ्याच वेळाने आली.

डवरी गोसावी समाजातला, सध्या पुण्यात नोकरी
पाटील, तुमचे उपकार आहेत. पण कार्ड नसतं तर? आमच्यातल्या कितीतरी घरांकडे धड कागद नाहीत. पालावर राहणाऱ्याला रहिवासी दाखला कोण देणार? मला त्या म्हातारीचं महत्त्व जास्त वाटतं. आमचे लोक पिढ्यान् पिढ्या ठरलेल्या गावांना जातात. तिथल्या जुन्या माणसांनी आधीच, अफवा नसताना, तरुण पोरांना आमची ओळख करून द्यावी.

आशा सेविका, नंदुरबार
2021 मध्ये लस घेतली की माणूस मरतो, मूल होत नाही, असं पाड्यापाड्यावर पसरलं होतं. आमच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, “ताप येईल, अंग दुखेल, एखादा दिवस मजुरी बुडेल.” मला वाटलं, आता कोणीच येणार नाही. आले थोडेच. पण त्यांना ताप आला तेव्हा घाबरले नाहीत, आणि पुढच्या खेपेला तेच शेजाऱ्यांना घेऊन आले. जवळच्या एका पाड्यावर ‘काही होत नाही’ एवढंच सांगितलं होतं. तिथे पहिला ताप चढला आणि दारं बंद झाली. मॅडम संध्याकाळी घरोघरी फिरून ताप बघायच्या, हेही लिहायला हवं.

पोल्ट्रीवाला, सांगली
फेब्रुवारी-मार्च 2020. कोंबडीतून कोरोना होतो म्हणून भाव मातीमोल झाले, लोकांनी जिवंत पिल्लं पुरली. आमच्या तालुक्यातले पशुवैद्यक बाजारात उभे राहून चिकन खायचे. त्याने भाव सावरला नाही, पण आमच्या बाजूने बोलणारे तेवढेच होते.

शिक्षिका, साताऱ्याजवळ
2018 ला मुलं पळवण्याचा जो व्हिडिओ फिरला, तो कराचीतल्या एका जनजागृती फिल्मचा तुकडा होता. मोटारसायकलवरचे दोघे मुलाला उचलतात आणि लगेच परत आणून सोडतात. हा शेवटच कापलेला. मी नववीच्या वर्गात आधी तुकडा दाखवते, मुलांना काय वाटलं ते वहीत लिहायला लावते, मग पूर्ण फिल्म. आता पालकसभेतही दाखवायची आहे, कारण घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड करणारे बहुतेक आजोबा-काका असतात, असं मुलंच सांगतात. मोठ्यांसमोर हे कुणी केलं असेल तर कसं केलं, ते जरूर लिहा.