सीपॅनल घरच्या वायफायवर उघडत नाही, मोबाइल डेटावर उघडतं. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एका मित्राच्या संस्थेची छोटी साइट मी सांभाळतो. चार दिवसांपूर्वी सीपॅनलचा (साइटचं होस्टिंग जिथून सांभाळतो ते पॅनल) पासवर्ड बदलला. नवीन पासवर्डने लगेच लॉगिन झालं, त्यामुळे निश्चिंत होतो. रात्री पुन्हा बघितलं तर लॉगिनचं पानच येईना. चक्र फिरत राहतं आणि शेवटी टाइमआउट.

कॅशे साफ केली, इन्कॉग्निटो झालं, दुसरा ब्राउझर झाला. राउटर बंद-चालू केला तेव्हा मात्र उघडलं, पण जेमतेम अर्धा तास. मग पुन्हा तेच. फोनवर मोबाइल डेटा लावला की तोच पत्ता, तोच पासवर्ड, बिनबोभाट चालतं.

होस्टिंगवाल्यांच्या चॅटवर ‘पासवर्ड रिसेट करा’ एवढंच ऐकवतात. आधीच एकदा करून बसलोय! जाणकारांनी मार्गदर्शन करावे. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १
सीपॅनल २०८३ पोर्टवर (सर्व्हरशी जोडणीचा क्रमांकित मार्ग) चालतं. काही नेटवर्कवर हा पोर्ट बंद असतो. डोमेनच्या आधी ‘सीपॅनल’ आणि टिंब लावून बघा, ते नेहमीच्या ४४३ वरून जातं.

धागाकर्ता
नाही उघडलं. शिवाय पोर्ट बंद असता तर राउटर चालू केल्यावर अर्धा तास तरी कसं चाललं असतं?

प्रतिसाद २
साइट स्वतः उघडते का घरून? पॅनल नाही, साइट.

धागाकर्ता
अरेच्चा! तीही नाही उघडत. मी आपला फोनवर बघून ‘साइट तर चालू आहे’ म्हणत होतो.

प्रतिसाद २
मग पासवर्डचा विषयच संपला. पासवर्ड चुकला तर पॅनल तसं तोंडावर सांगतं. इथे काहीच उत्तर येत नाही, म्हणजे सर्व्हरच्या फायरवॉलने (नको त्या जोडण्या रोखणारी यंत्रणा) तुमचा आयपी, म्हणजे घरच्या इंटरनेटचा पत्ता, अडवलाय. राउटर चालू केल्यावर नवीन आयपी मिळाला, म्हणून तेवढ्यापुरतं चाललं. पण तोही अडकला, याचा अर्थ घरातलं काहीतरी अजून जुन्या पासवर्डने सर्व्हरचं दार वाजवतंय. ते शोधा.

धागाकर्ता
मेल अ‍ॅप असेल असं वाटलं होतं, पण मेल खात्यांचे पासवर्ड वेगळे आहेत, त्यांना हातच लावला नव्हता.

प्रतिसाद ३
एफटीपी (सर्व्हरवर फाइली चढवायची पद्धत)? मुख्य एफटीपी खात्याचा पासवर्ड सीपॅनलचाच असतो. एक बदलला की दुसरा आपोआप बदलतो. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मीही एकदा यात दोन दिवस घालवलेत.

धागाकर्ता
सापडलं! जुन्या डेस्कटॉपवर फाइली सिंक करणारा प्रोग्रॅम लावून ठेवला होता, विसरूनच गेलो होतो. त्याचा लॉग (नोंदींची फाइल) उघडला तर दर दहा मिनिटांनी जुन्या पासवर्डने प्रयत्न, आधी ‘५३० लॉगिन ऑथेंटिकेशन फेल्ड’ आणि ब्लॉक लागला की नुसता टाइमआउट, ओळीवर ओळ, चार दिवस. प्रोग्रॅम बंद केला, घरचा आयपी होस्टिंगवाल्यांकडच्या तिकिटात (तक्रारीच्या नोंदीत) लिहून ‘ब्लॉक काढा’ असं स्पष्ट मागितलं, तासाभरात पॅनल उघडलं.

आता सिंकसाठी पॅनलमधूनच वेगळं एफटीपी खातं काढलंय, फक्त त्या एका फोल्डरपुरतं.

(अवांतर: चॅटवाल्यांचं ऐकून पुन्हा रिसेट केला असता तरी तो डेस्कटॉप आपला ठोकतच बसला असता.)