मदत हवी आहे: पिन खोऱ्यात घरगुती मुक्काम, सोबत आई

नमस्कार मंडळी, सप्टेंबरमध्ये आईला घेऊन हिमाचलमधल्या स्पितीला जातोय. काझा, लांग्झा सगळेच करतात. आम्हाला पिन खोऱ्यातल्या मुद गावात कुणाच्या तरी घरी राहायचंय. गाव जवळपास ३,८०० मीटरवर, म्हणून मनाली-कुंझुम खिंडीऐवजी शिमला-किन्नौरकडून हळूहळू चढणार आहोत. (आईची बीपीची गोळी चालू आहे, पण ते डॉक्टरांना विचारतोय. कृपया औषधं सुचवू नका.)

काझाहून मुदला बस रोज असते, की जीपच करावी लागते? घर आधी फोनवर ठरवावं, की गावात जाऊन विचारलं तरी मिळतं?

मुख्य अडचण वेगळीच. तिकडची शौचालयं कोरडी असतात. उकिडवं बसायचं, मग वरून फावड्याने माती लोटायची. आईचे गुडघे धड नाहीत. कमोड असलेलं घर कुणाला मिळालंय का? बाकी सगळं जमवून घेऊ.

शिवाय तेव्हा जवाची कापणी चालू असेल, तर पाहुणे म्हणजे घरच्यांना ताप नको. आई म्हणते, मीही विळा धरीन. तिला कोण आवरणार! जाताना घरून डिंकाचे लाडू न्यावेत, की चहा-साखर बरी?