मदत हवी आहे : झाशीच्या राणीवरील चित्रपट आणि शिंदेशाही पगडी

सर्वांना सप्रेम नमस्कार. जून १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाईंनी आमच्या ग्वाल्हेरच्या लढाईत देह ठेवला आणि त्यांची समाधी फूलबागेत असल्याने, येथील शाळकरी मराठी मुलांना सोहराब मोदी यांचा १९५३ सालचा ‘झांसी की रानी’ आणि २०१९ सालचा ‘मणिकर्णिका’ यांतील निवडक प्रसंग शेजारी शेजारी दाखवण्याचा आम्हा काही जणांचा विचार आहे.

मोदींचा चित्रपट टेक्निकलर या रंगीत चित्रणाच्या तंत्राने चित्रित झाला होता, परंतु मला मिळालेली प्रत इतकी फिकट आहे की ती मुलांना दाखवण्यात अर्थ नाही. रंग शाबूत असलेली प्रत अधिकृतपणे कोठून मिळेल आणि विनामूल्य कार्यक्रमासाठीही कोणाची परवानगी घ्यावी लागेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दुसरी विनंती वेशभूषेविषयी आहे. ऐतिहासिक चित्रपटांत मराठी दरबार म्हटला की सरसकट पुणेरी थाटाच्या पगड्या दिसतात (आमच्या शिंदेशाही पगडीवर हा अन्यायच!), म्हणून त्या वेळचे ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे यांच्या काळातील दरबाराची विश्वसनीय चित्रे किंवा छायाचित्रे कोणत्या संग्रहात पाहता येतील, हेही कळवावे.