टॅरिफवर मतं मिळतात, पण बिल कोण भरतं?

धागाकर्ता:
निवडणूक आली की "परदेशी मालावर कर लावू, आपले कारखाने वाचवू" या भाषणाला हमखास टाळ्या पडतात, आणि मला हे साफ चुकीचं वाटतं. टॅरिफ, म्हणजे हा आयातकर, परदेशी कंपनी भरत नाही, माल बंदरात सोडवून घेणारा आपलाच आयातदार भरतो आणि पुढे ते गिऱ्हाइकाच्या बिलात येतं. अमेरिकेने जानेवारी २०१८ मध्ये परदेशी वॉशिंग मशीनवर टॅरिफ लावला, मशीन साधारण १२ टक्क्यांनी महागलं. कहर म्हणजे कपडे वाळवायच्या ड्रायरवर काहीच कर नसताना तोही तेवढाच महागला, कारण तिकडे लोक दोन्ही जोडीने घेतात, वाढ दोन्हींवर वाटून टाकली. अभ्यासकांनी हिशोब मांडला तेव्हा एका नव्या नोकरीमागे ग्राहकांच्या खिशातून वर्षाला ८ लाख डॉलरच्या वर गेलेले निघाले.

प्रतिसाद १:
हिशोबाशी भांडण नाही हो माझं. पण मशीन थोडं महाग पडलं म्हणून कोणी सरकार पाडत नाही, कारखाना बंद पडला की अख्खं गाव त्याच एका मुद्द्यावर मत देतं. २००० साली अमेरिकेत कारखान्यांत पावणेदोन कोटींच्या आसपास लोक होते, २०१० ला सव्वा कोटीही उरले नाहीत. सगळं चीनमुळे नाही, ऑटोमेशन होतं, २००८ ची मंदी होती, मान्य. तरी ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थतज्ज्ञांनी दाखवलंय की फर्निचर, कापड बनवणाऱ्या भागांना चिनी मालाचा फटका बसला तिथे वर्षानुवर्षं रोजगार सावरला नाही. पुस्तकात कामगार दुसरीकडे जातो. प्रत्यक्षात घराचा भाव पडलेला, म्हातारे आईवडील सोबत, जाणार कुठे?

प्रतिसाद २:
दोघंही मतांचा नकाशा विसरताय. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश यांनी मार्च २००२ मध्ये स्टीलवर ३० टक्क्यांपर्यंत टॅरिफ लावला तेव्हा पेनसिल्व्हेनिया, ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांतले स्टीलवाले मतदार डोळ्यांसमोर होते हे उघड गुपित. युरोपनेही बरोबर नस पकडली, फ्लोरिडाच्या संत्र्यांवर कर लावायची धमकी दिली, कारण फ्लोरिडा पण तेव्हा निवडणुकीत अटीतटीचं राज्य. जागतिक व्यापार संघटनेत केस हरले आणि डिसेंबर २००३ मध्ये टॅरिफ गुंडाळला. स्टील विकत घेऊन सुटे भाग बनवणाऱ्यांचं त्या काळात काय झालं, ते कुठल्या सभेत ऐकलंय का?

धागाकर्ता:
तेच म्हणतोय मी! स्टील बनवणाऱ्यांपेक्षा स्टील वापरणारे कारखाने कितीतरी जास्त, पण ते विखुरलेले म्हणून त्यांचा आवाज नाही. ज्यांची नोकरी गेली त्यांना थेट पैसे द्या, ट्रेनिंग द्या, सगळ्यांवर कर कशाला?

प्रतिसाद १:
द्या ना, अडवलंय कोणी? अमेरिकेत अशी योजना १९६२ च्या कायद्यापासून होती, २०२२ मध्ये मुदत संपली आणि तिकडच्या संसदेने ती वाढवलीच नाही. तुमच्या बाजूचे लोक व्यापार करार होईपर्यंत भरपाईचं गोड बोलतात, सह्या झाल्या की विसरतात. उलट २०१८ ला अमेरिकेच्या टॅरिफला उत्तर म्हणून चीनने त्यांच्या सोयाबीनवर टॅरिफ लावला तेव्हा शेतकऱ्यांसाठी दोन वर्षांत सुमारे २८ अब्ज डॉलर निघाले, म्हणजे पैसा होता. तो कारखान्यातल्या माणसाला आधी का नाही मिळाला, याचं उत्तर तुम्ही द्या, मग टॅरिफला मत देऊ नका असं त्याला सांगा.