कोणासाठी कोणता उतार? स्कीइंगच्या रनची निवड : अनुभव धागा

एकत्र स्कीइंगला निघालेल्या मंडळींची तयारी क्वचितच सारखी असते. आपण प्रत्यक्ष कोणत्या रनवर (स्कीने उतरण्यासाठी आखलेल्या वाटेवर) गेलात, ती कोणासाठी निवडली आणि निवड योग्य ठरली का, हे कृपया सविस्तर लिहावे. सुरुवात मी करते.

व्हँकूव्हरहून

कॅनडातील व्हिसलर ब्लॅककोम्ब या स्की रिसॉर्टला आम्ही तिघे गेलो होतो. यजमानांनी त्याआधी पायांत स्की कधीच चढवल्या नव्हत्या, मला निळ्या रन बेताने जमतात आणि मुलगी आम्हा दोघांपेक्षा कितीतरी वेगाने उतरते. उत्तर अमेरिकेत हिरवे वर्तुळ म्हणजे सोपी रन, निळा चौकोन म्हणजे मध्यम आणि काळा हिरा म्हणजे अवघड; दोन काळे हिरे दिसले, तर ती केवळ तज्ज्ञांची वाट समजावी. मात्र ही वर्गवारी प्रत्येक रिसॉर्ट आपल्याच डोंगरातील इतर उतारांच्या तुलनेत करते, त्यामुळे एखाद्या लहान टेकडीवर निळी रन सहज उतरणाऱ्याला येथील निळी रन दमवू शकते.

यजमानांना आम्ही ऑलिंपिक स्टेशनजवळच्या शिकाऊ भागात प्रशिक्षकाकडे सोपवले. तो भाग डोंगराच्या मध्यावर असल्याने संध्याकाळी थकल्यावर गोंडोल्यात (तारेवरून चालणाऱ्या बंद डब्यात) बसून खाली येता येते, आणि नवख्यासाठी मला हीच सोय सर्वांत मोलाची वाटते. मी बर्न्ट स्ट्यू ट्रेल घेतली. ती हिरवी आहे, दृश्य अप्रतिम आहे, पण मध्ये सपाट पट्टे असल्याने आधी थोडा वेग धरावा लागतो. हिरव्या रनमध्येही असे प्रकार असतात, हे नकाशावरच्या रंगावरून कळत नाही.

म्युनिकहून

ऑस्ट्रियात हिरवा रंग सहसा नसतोच. तेथे निळी रन सर्वांत सोपी, लाल मध्यम आणि काळी अवघड. साधारणपणे निळ्या रनचा उतार 25 टक्क्यांपर्यंत, म्हणजे आडव्या 100 मीटरमागे 25 मीटर, आणि लाल रनचा 40 टक्क्यांपर्यंत असतो. छोटे टप्पे याहून तीव्र असू शकतात. अमेरिकेहून आलेल्या माझ्या भावाने निळा म्हणजे मध्यम असे धरून आपल्या पत्नीला पहिल्या दिवशी निळ्या रनपासून दूर ठेवले आणि तिचा अख्खा दिवस शिकाऊ पट्टीवर गेला. याच्या उलट गैरसमज अधिक धोक्याचा आहे : युरोपात निळ्यावर शिकलेल्याने अमेरिकेत ‘निळी म्हणजे सोपी’ असे मुळीच मानू नये.

पुण्याहून

गुलमर्गला रंगांवर विसंबून चालत नाही. पायथ्याचे मैदान सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे आणि तेथील सौम्य उतार नवख्यांसाठी खरोखर उत्तम आहेत. आम्ही चार दिवस तेथेच वळणे आणि थांबणे शिकलो. गोंडोल्याचा दुसरा टप्पा मात्र अफरवट पर्वतावर सुमारे 3,950 मीटरपर्यंत नेतो. तेथील बर्फ यंत्राने सपाट केलेला नसतो आणि नियंत्रित क्षेत्राबाहेर हिमस्खलनाचा धोका असतो. गोंडोला सर्वांना वर नेतो, म्हणून तेथून सर्वांनी स्कीवर उतरावे असे नाही; आमच्यातील दोघे वर जाऊन, दृश्य पाहून, गोंडोल्यानेच परतले. पुण्याहून थेट गेल्यावर तेथे चार पावलांतच धाप लागते, हेही निवड करताना लक्षात घ्यावे.

डेन्व्हरहून

मी केवळ वेळेबद्दल लिहितो. मार्चमध्ये एका ठिकाणी सकाळी मऊ वाटलेली निळी रन मी दुपारी उशिरा पुन्हा घेतली. दिवसा वितळलेला बर्फ सावलीत गोठून काचेसारखा झाला होता, आणि थकलेल्या पायांनी वळण न साधल्याने माझा गुडघा दुखावला. आता दुपारी तीननंतर मी सकाळच्या रनपेक्षा एक पायरी सोपी रन घेतो आणि सोबतच्यांनाही तसेच सांगतो.

व्हँकूव्हरहून पुन्हा

डेन्व्हरकरांचा मुद्दा आम्हालाही पटला. दुसऱ्या दिवशी यजमान माझ्यासोबत हिरव्या रनवर आले, तेव्हा आम्ही सकाळी दहालाच निघालो. मी त्यांच्या मागे राहिले, कारण मागून येणाऱ्याने पुढच्याला धोका होणार नाही अशी वाट निवडावी, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. मुलगी आपल्या रनवर गेली, आणि जेवणाला कोणत्या लिफ्टखाली भेटायचे ते आम्ही आधीच ठरवले होते.