स्विफ्टच्या सायलेन्सरचा मागचा डबा सडलाय, कंपनीचाच घेऊ की फ्री फ्लो (कमी अडवणुकीचा, मोठ्या आवाजाचा) टाकू?

वाशिष्ठीकाठचा
नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट पेट्रोल 2014 ची, 92 हजार चाललीये. 2021 च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा गाडी दारातच उभी होती, सीटपर्यंत पाणी. इंजिन वाचलं पण सायलेन्सरमध्ये जो चिखल गेला तो बहुतेक तेव्हापासून आतून खातच होता. गेल्या महिन्यात कुंभार्ली घाट उतरताना फडफड आवाज यायला लागला, मला वाटलं टायर गेला, खाली वाकून बघतो तर मागच्या डब्याच्या शिवणीला बोट जाईल एवढं भोक, स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर पापडासारखा पत्रा आत.

शोरूमवाले साडेसहा हजार सांगतायत, फिटिंग वेगळी. पुण्यातला मावसभाऊ म्हणतो तेवढ्यात एसएसचा (स्टेनलेस स्टीलचा) फ्री फ्लो येतो, आवाज पण कडक आणि इंजिनाची ताकद 8-10 बीएचपी वाढते. घाटात पिकअप मिळाला तर हवाच आहे पण मागे आई बसते, तिला गोंगाट चालणार नाही. काय करू?

पान्याचा_धनी (कोल्हापूर)
दादा ते 8-10 बीएचपी पहिलं डोक्यातनं काढ. बाराशे सीसीचं साधं इंजिन, टर्बो नाही, नुसता मागचा डबा बदलून एक-दोन मिळाले तर मिळाले, ते पायाला कळत पण नाहीत. आवाज मोठा झाला की गाडी पळतीया असं वाटतं एवढंच. खरी अडवणूक पुढं मॅनिफोल्ड (इंजिनातनं धूर गोळा करणारे पाईप) आणि कॅटकॉनमध्ये (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) असते आणि तिथं हात लावायचा नाही.

हे मुद्दाम सांगतोय कारण काही जण म्हणतील "कॅटकॉन काढून सरळ पाईप टाकू, पिकअप वाढेल". काढलेला कॅटकॉन मग गॅरेजवाले परत देत नाहीत, कारण आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतंय, भंगारात त्याला चांगला भाव आहे. तुला मिळणार चेक इंजिनचा दिवा (कॅटकॉनच्या मागचा सेन्सर बोंबलतो, पी0420 कोड) आणि पीयूसीला नापास. कुठंही काम कर, जुना माल डिकीत टाकून घे.

आणि पाईप जाड घेऊ नको. दोन इंचाच्या वर गेलास तर वायूचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) गाडी मेल्यासारखी होते, म्हणजे घाटात उलटंच.

टॉपगिअर_टिल्लू
पण थोडं बॅक प्रेशर लागतंच ना राव इंजिनला? सगळे तेच सांगतात.

पान्याचा_धनी (कोल्हापूर)
सगळे सांगतात म्हणूनच घोळ आहे. प्रेशर कुठल्याच इंजिनाला नको असतं, वेग पाहिजे असतो. एका सिलेंडरचा धूर जोरात गेला की मागं ओढ तयार होते, ती पुढच्याचा धूर खेचते. पाईप नको तेवढा जाड केला की ती ओढ जाते आणि लोक म्हणतात बॅक प्रेशर गेलं.

कोथरूडकर_के12
मी स्वतः केलेला शहाणपणा सांगते. सेम गाडी, सरळ आरपार जाणारा डबा टाकला, गल्लीत भारी वाटायचं. मग पुणे-सोलापूर गेले. पाचव्या गिअरात 2500 आरपीएमच्या आसपास अख्खी केबिन घुमायला लागते, कानात बोट घालून हलवल्यासारखं, गाणी लावली तरी जात नाही. टेंभुर्णीपर्यंत सासूबाई काही बोलल्या नाहीत, तिथे चहाला उतरल्या आणि म्हणाल्या मी एसटीने येते 😅

नंतर गणित कळलं, चार सिलेंडर म्हणजे एका फेऱ्यात दोन धमाके, 2500 ला सेकंदाला 83 च्या आसपास. एवढा खालचा आवाज आरपार डब्यात भरलेल्या ग्लासवूलला मरत नाही, त्याला डब्यात खण लागतात, जसे कंपनीच्या डब्यात असतात. एक जण म्हणाला बाजूला बंद तोंडाचा पाईप जोडून घूम मारता येते, पण तो मीटरच्या वर लांब लागतो, स्विफ्टच्या पोटाखाली कुठे घालणार. आठ महिन्यांत काढला. आई मागे बसत असतील तर विचारूच नका.

मिऱ्याबंदर
कोकणात गाडी आहे म्हणून धातूचं सांगतो. एसएस म्हणजे सगळं एसएस नसतं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, चिकटत नाही म्हणजे ओरिजिनल. पण 202 ग्रेड पण चिकटत नाही आणि आमच्या खाऱ्या हवेत तिला तांबूस डाग पडायला वेळ लागत नाही. उलट 409 चुंबकाला चिकटतं तरी सायलेन्सरसाठीच वापरतात. बिलावर 304 ग्रेड लिहून घ्या, नाही लिहून दिलं तर समजून जा.

दुसरं, डब्याला खाली बारीक भोक असेल तर ते लिकेज समजून वेल्डिंगने बुजवू नका, पाणी निथळायला ठेवलेलं असतं. रोज दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत पाणी तापून उडतच नाही, तिथेच साचून डबा कुजतो.

टॉपगिअर_टिल्लू
पोलिसांचं टेन्शन घेऊ नका, ते बुलेटवाल्यांना धरतात, कारला कोण विचारतंय.

कोथरूडकर_के12
मला विचारलं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 190(2) आवाज आणि धूर दोन्हीला आहे आणि त्यात बुलेट-कार असा भेद नाही, 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड 10 हजारापर्यंत. गाडीत बदल करण्याबद्दलचं कलम 52 वेगळंच. आणि पोलीस राहू दे, सोसायटीतल्या तान्ह्या बाळांच्या आया जास्त डेंजर.

वाशिष्ठीकाठचा
अपडेट. कंपनीचाच डबा घेतला. मावसभाऊ दोन दिवस बोलत नव्हता.

फिटिंग इथल्याच ओळखीच्या गॅरेजला केलं. जुने बोल्ट गंजून एकजीव झाले होते, आदल्या रात्री तेल मारून ठेवलं तरी एक तुटलाच, तो ड्रिल करून काढण्यात दीड तास गेला. जोडाचं गॅस्केट आणि लटकवायचे रबर नवीन टाकले, जुने रबर हातात घेतले तर चिरा पडलेले, त्यामुळे पाईप खाली लोंबत होता आणि स्पीड ब्रेकरला घासत होता हे आत्ता कळलं. गाडी थंड असतानाच चालू केली, मागच्या तोंडाला ओला फडका धरला आणि जोडावर साबणाचं पाणी मारलं, एका बाजूने बुडबुडे आले, परत आवळला, मग बंद.

जुना डबा कापून बघितला, राहवलं नाही. आत मूठभर वाळलेला गाळ निघाला, वाशिष्ठीचा. आईने तो कुंडीत टाकला.

पान्याचा_धनी (कोल्हापूर)
झकास. शंभर-दोनशे किलोमीटर झाले की ते बोल्ट परत एकदा आवळ, गरम-थंड होऊन ढिले पडतात. आणि कुंडीतलं झाड काय म्हणतंय ते पण कळव.